वारं गेल्यानंतरचं मन आणि क्रेटमधली मेथी

वारं गेलेल्या, म्हणजे पक्षाघाताचा झटका आलेल्या आबांना पुण्याच्या दवाखान्यातून घरी आणलं की शिरूर-दौंडकडच्या घरांत पहिले पंधरा दिवस माणसांची रीघ लागते. कोणी शहाळी घेऊन येतं, कोणी लकव्यावर औषध देणाऱ्या गावाचा पत्ता सांगतं, कोणी कबुतराच्या रक्ताने मालिश करा म्हणतं. या शेवटच्या उपायाचा काडीचाही उपयोग नाही, हे इथेच सांगितलेलं बरं. तोंड किती वाकडं राहिलंय, हात खांद्याच्या वर जातो का, पाय टेकतो का, याची चौकशी होते. आबांना रात्री झोप लागते का, सकाळी उठल्यावर काही करावंसं वाटतं का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. महिन्या-दोन महिन्यांत माणसं यायची थांबतात, आबा ओसरीवरच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागतात आणि घरचे म्हणतात, "आता वय झालं, त्यात हे असं."

या खचण्यावर उपचाराचा भाग म्हणून बागकाम वापरता येतं, ही गोष्ट आता आपल्याकडेही कानावर पडू लागली आहे. हॉर्टिकल्चरल थेरपी हे तिचं नाव. ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. काहींना हे शहरातल्या रिकाम्या लोकांचं खूळ वाटतं, तर काहीजण कुंडीत तुळस लावली की मन सुधारलं असं मानून मोकळे होतात. दोन्हीकडे गैरसमज आहेत आणि त्यांची किंमत कॉटवरच्या माणसाला मोजावी लागते.

"एवढं मोठं दुखणं झाल्यावर माणूस खचणारच"

जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते की पक्षाघात झालेल्या दर तिघांपैकी साधारण एकाला पुढे केव्हातरी नैराश्य येतं, बहुतेकदा पहिल्या वर्षातच. हे प्रमाण मोठं आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तिघांतल्या दोघांना ते येत नाही. म्हणजे खचणं हा पक्षाघाताचा ठरलेला शेवट नाही. ते एक वेगळं दुखणं आहे, ते ओळखता येतं आणि त्यावर उपचार आहेत. मेंदूला झालेली इजा हे एक कारण, अचानक परावलंबी झाल्याचं दुःख हे दुसरं. दोन्ही एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की त्यांची वाटणी करत बसण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे हे नैराश्य "मला उदास वाटतं" अशा शब्दांत बाहेर येत नाही. ते असं दिसतं: कालव्याला आवर्तन कधी सुटणार हे आबा विचारेनासे होतात. डेअरीच्या दुधाला फॅट किती लागली यावरून दर दहा दिवसांनी होणारी कुरकूर बंद होते. नातवाने मोबाइलवर बाजारभाव वाचून दाखवला तरी मान वळत नाही. जेवण निम्मं राहतं, पहाटे तीनला जाग येते. फिजिओथेरपीचा व्यायाम "उद्या करू"वर जातो. घरच्यांना वाटतं, आबा शांत झाले, बरं झालं. प्रत्यक्षात हीच वेळ डॉक्टरांना सांगण्याची असते. कारण नैराश्य अंगावर काढलेल्या रुग्णाची हातापायांची सुधारणाही मागे पडते आणि अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळलं आहे.

उलटही होतं. पाहुणा दिसला की आबांना हुंदका फुटतो, मिनिटभरात थांबतो आणि नंतर ते नेहमीसारखे बोलतात. कधी दुःखाच्या प्रसंगी हसू येतं. हे नैराश्यच असेल असं नाही. भावना आवरणारी मेंदूतली यंत्रणा दुखावल्यामुळेही असं रडू-हसू येतं, आणि त्याचा उपचार वेगळा असू शकतो. याची पारख डॉक्टरच करू शकतात. मात्र काय, केव्हा आणि किती वेळ होतं हे घरच्यांनी नीट सांगितलं तरच.

"शेतकऱ्याला कसली बागकामाची थेरपी? जन्मभर मातीतच होता की"

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि तो सगळ्यांत खराही आहे. त्यावर सावकाश बोललं पाहिजे.

भीमा आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला हा पट्टा. दौंडकडे ऊस आणि गुऱ्हाळं, शिरूरकडे कांदा, डाळिंब आणि आता तिकडेही ऊसच. इथल्या माणसाला शेत म्हणजे करमणूक नव्हे. शेत म्हणजे सोसायटीचं कर्ज, रात्रीच्या लाईटवर दारं धरायला जाणं, काढणीच्या तोंडावर पडलेला कांद्याचा भाव. अशा माणसाला वारं गेल्यावर व्हीलचेअरवरून बांधापर्यंत नेलं आणि "बघा, किती छान वाटतं" असं म्हटलं, तर त्याला छान वाटेलच असं नाही. तणाने भरलेला वाफा दिसेल, भावाने परस्पर बदललेलं पीक दिसेल, आपण उठून तिथे जाऊ शकत नाही हे दिसेल. शेत हीच त्याची हरवलेली वस्तू आहे. ती लांबून दाखवणं म्हणजे उपचार नव्हे.

मग बागकामाचा उपचार करायचा कसा? त्यासाठी आधी पक्षाघातानंतर घरात काय घडतं ते बघावं लागेल. सगळं प्रेमापोटीच घडतं. आबांच्या हातातून आधी घास जातो, कारण भरवलं की सांडत नाही. मग बंडीची बटणं जातात, मग पैशांचं पाकीट, मग मोटारीच्या स्टार्टरची किल्ली. दोन महिन्यांत असा एकही निर्णय उरत नाही, जो आबांनी घ्यायचा आहे. चहा किती वाजता प्यायचा हेसुद्धा दुसरंच कोणीतरी ठरवतं. माणूस खचतो तो हात लुळा पडल्यामुळे, हे अर्धंच खरं. आपल्यावाचून घरात काहीच अडत नाही, हे रोज दिसत राहिल्यामुळेही तो खचतो.

नीट केलेलं बागकाम नेमकं इथे काम करतं. त्यात एक छोटी जबाबदारी परत येते, पेलवेल एवढीच, आणि तिच्यातले निर्णय रुग्णाचे असतात. मेथी टाकायची की धने? आज पाणी द्यायचं की माती अजून ओली आहे? कापायची आज की परवा? जन्मभर पाच एकरांचं ठरवणाऱ्याला एका क्रेटमधल्या भाजीचं ठरवायला देणं अपमानास्पद वाटू शकतं, हे मान्य. म्हणून ते कसं द्यायचं याला महत्त्व आहे. "आबा, वेळ जाईल तुमचा" म्हणून दिलेलं काम कॉटखाली ढकललं जातं. "आबा, यंदा घरच्या भाजीचं तुम्ही बघा, मला जमत नाही" असं सुनेने म्हटलं आणि ते खरं असलं, तर गोष्ट वेगळी होते. खोटं खोटं दिलेलं काम माणूस ओळखतो. रोप लावण्याच्या ट्रेमध्ये बी टाकणं, बियाणं निवडणं, कांद्याच्या रोपाच्या जुड्या बांधणं, मजुरांची हजेरी मांडणं ही कामं बसून होतात आणि घराला खरोखर लागतात.

बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. बोटं झडलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या आणि शेती पिकवली. तो कुष्ठरोग होता, पक्षाघात नव्हे, आणि तिथे कोणी या कामाला थेरपी म्हटलं नाही. पण हात अधू झालेल्या माणसाला दयेपेक्षा काम जास्त उभं करतं, हे महाराष्ट्राला तेव्हापासून माहीत आहे.

बाईला वारं गेलं की प्रश्न थोडा बदलतो. आजारपणात तिला स्वयंपाकघरातून पूर्ण बाहेर काढतात आणि काठी घेऊन जरा चालायला लागली की एका दिवसात सगळा संसार परत तिच्या अंगावर टाकतात. या दोहोंच्या मधला टप्पा तिला मिळतच नाही. परसातला पुदिना, गवती चहा, आळू, निवडायला घेतलेली भाजी यांतून तो टप्पा तयार करता येतो, फक्त ते तिचं एकटीचं काम हवं आणि घाई नको.

आणि ज्याला झाडाझुडपांची आवडच नाही? दौंडला रेल्वेत आयुष्यभर नोकरी केलेले किंवा कुरकुंभ-रांजणगावच्या कारखान्यांत पाळ्या केलेले कितीतरी जण आहेत. त्यांच्या हातात जबरदस्तीने खुरपं देऊ नये. कोणाला बिघडलेला रेडिओ उघडून बसायला आवडेल, कोणाला भजनी मंडळाचा हिशेब लिहायला. बागकाम हा एक चांगला मार्ग आहे, एकमेव नाही.

"त्यांना बोलताच येत नाही, त्यांच्यावर कसली थेरपी करणार"

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की अनेकदा उजवं अंग आणि वाचा एकदमच जाते. आबांना सगळं समजतं, पण शब्द सापडत नाही, किंवा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. अशा रुग्णाचं नैराश्य ओळखणं अवघड असतं, कारण नेहमीची प्रश्नावली इथे चालत नाही. समुपदेशनालाही शब्द लागतातच. त्यामुळे ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज, तेच बाजूला पडतात.

बागकामाचं खरं बळ इथे आहे. या कामाला बोलावं लागत नाही. दोन वाट्या समोर ठेवायच्या, एकीत मेथीदाणे, दुसरीत धने. डाव्या हाताने ज्या वाटीला ते बोट लावतील ते आज पेरायचं. हा पूर्ण संवाद आहे. त्यात एक प्रश्न आहे, एक निर्णय आहे आणि त्या निर्णयाचा परिणाम काही दिवसांत मातीवर उगवलेला दिसतो. निवड त्यांची असली तरी सुरुवातीला मेथी बरी. घरातल्या डब्यातलेच दाणे तीन-चार दिवसांत उगवतात आणि पंचवीस-तीस दिवसांत भाजी कापायला येते. धने रगडून त्यांच्या डाळी करून पेरले तरी आठ-दहा दिवस लागतात, कधी जास्तही. खचलेल्या मनाला इतकी वाट बघणं सुरुवातीला जड जातं. डाळिंबाचं कलम तर लांबच राहिलं.

उजव्या मेंदूला इजा झालेल्यांची अडचण वेगळी. काहींना डावी बाजू आहे हेच ध्यानात राहत नाही. ते ताटातली उजवीकडची भाकरी खातात आणि डावीकडची भाजी तशीच राहते. घरचे समजतात, मुद्दाम करतात. अशांसाठी क्रेट थोडा डावीकडे सरकवून ठेवावा, त्याच्या डाव्या कडेला लाल कापडाची पट्टी बांधावी आणि ती पट्टी दिसेपर्यंत ओळ पूर्ण करायला सांगावं. डावीकडे बघण्याचा सराव आपोआप होतो.

"मातीतले जंतूच डिप्रेशन घालवतात, हे शास्त्राने सिद्ध केलंय"

मोबाइलवर फिरणाऱ्या या मजकुराच्या मागे एक खरा प्रयोग आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मायकोबॅक्टेरियम व्हॅक्सी नावाचे मातीतले जिवाणू उष्णतेने मारून उंदरांना टोचले आणि त्यांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनशी संबंधित पेशींवर व वागण्यावर परिणाम झालेला पाहिला. उंदीर, इंजेक्शन, मारलेले जिवाणू. मातीत हात घातला की पक्षाघाताच्या रुग्णाचं नैराश्य जातं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरा नेहमी सांगितला जाणारा दाखला रॉजर उलरिख यांचा. त्यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या. खिडकीतून झाडं दिसणारे २३ रुग्ण आणि विटांची भिंत दिसणारे २३ रुग्ण. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास महत्त्वाचाच आहे, पण हे रुग्ण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे होते.

पक्षाघातानंतरच्या नैराश्यावर बागकामाचा थेट अभ्यास कोरिया आणि चीनसारख्या देशांत झाला आहे. निष्कर्ष आशादायक आहेत, पण अभ्यास लहान आहेत, काही आठवड्यांचे आहेत, आणि रुग्णाला आपण बागकाम करतोय हे ठाऊक असल्यामुळे त्यात अपेक्षेचा परिणाम मिसळलेला असणारच. म्हणून इतकंच म्हणावं: अनेकांना बरं वाटतं, नीट काळजी घेतली तर धोका कमी, खर्च जवळपास शून्य. जोडउपचार म्हणून करावं.

माझ्या मते याहून भक्कम आधार आपल्या शेजारच्या गोव्यात सापडतो. तिथल्या 'संगथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, नैराश्य असलेल्या जवळपास ५०० जणांवर एक चाचणी घेतली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ भेटींत एकच गोष्ट केली. मन प्रसन्न होईल मग काम करू, असं न म्हणता, अर्थ वाटेल अशी छोटी कामं आधी ठरवून करायची. मन त्यांच्या मागून येतं. तीन महिन्यांनी अशी मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेबाहेर आले होते, नेहमीचीच काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष छापून आले. ती माणसं पक्षाघाताची म्हणून निवडलेली नव्हती आणि कामही बागेचं नव्हतं. पण क्रेटमधल्या मेथीमागचं तत्त्व हेच आहे.

"झाडांत रमले, आता गोळ्या कशाला"

हा गैरसमज जिवावर बेततो. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, साखरेची आणि कोलेस्टेरॉलची गोळी दुसरा झटका टाळण्यासाठी असते. मन किती रमलं याच्याशी तिचा संबंध नाही. नैराश्यासाठी दिलेलं औषधही परस्पर बंद करू नये. बरं वाटतंय ते त्या औषधामुळेही असू शकतं.

उलट टोकाचा, सगळ्यांना सरसकट गोळी देण्याचा हट्टही बरोबर नाही. ब्रिटनमध्ये 'फोकस' नावाच्या चाचणीत ३,१२७ रुग्णांपैकी निम्म्यांना, नैराश्य आहे की नाही हे न बघता, पक्षाघातानंतर सहा महिने फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं गेलं. २०१८ च्या अखेरीस निष्कर्ष आले. औषध घेणाऱ्यांचं स्वावलंबन वाढलं नव्हतं. नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण घटलं होतं, पण हाडं मोडण्याचं वाढलं होतं. म्हणजे ज्याला नैराश्य आहे त्याला डॉक्टरांनी तोलूनमापून औषध द्यावं, आणि ते घेत असलेल्या माणसाला पडण्यापासून जपावं. अशी काही औषधं आणि रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या एकत्र असल्या तर वयस्क माणसाचं सोडियम उतरू शकतं. त्यात उन्हातला घाम. आबा अचानक गुंगीत गेले किंवा बरळायला लागले तर "ऊन लागलं" म्हणून कांद्याचा रस चोळत बसू नये. रक्त तपासावं लागतं, आणि तोंड वाकडं होणं किंवा हात गळणं पुन्हा दिसलं तर तडक मोठं रुग्णालय गाठावं लागतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

"मातीत काम केलं की लुळा हात चालायला लागेल"

काही अंशी. मेंदू नवी वाट शिकतो ती एकच हालचाल शेकडो वेळा केल्यावर, आणि दाणे चिमटीत धरणं, माती कुस्करणं, रोप धरून ठेवणं यांत तशी पुनरावृत्ती कंटाळा न येता होते. न्यूयॉर्कच्या रस्क इन्स्टिट्यूटने तर १९५९ मध्येच पुनर्वसनाच्या रुग्णांसाठी काचघर उभारलं होतं. सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, नंतर वेग मंदावतो, पण थांबतोच असं नाही. मात्र बागकाम फिजिओथेरपीची जागा घेत नाही. "मेथी आली पण हात नाही आला" अशी निराशा पदरी नको असेल तर आधीच स्पष्ट बोलावं.

लुळ्या हाताचा खांदा सैल झालेला असतो. उठवताना त्या हाताला धरून कधीही ओढू नये, आणि भरलेली झारी त्या हातात देऊ नये. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडली की झारी तयार. धडधाकट हाताने लुळ्या हाताची बोटं बाटलीवर गुंडाळायची आणि दोन्ही हात मिळून पाणी घालायचं. क्रेट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं अंथरावं.

"याला जागा आणि पैसा लागतो"

टोमॅटोचा जुना क्रेट, आत गोणपाट, दोन वाटे माती आणि एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत. खुर्चीत बसल्यावर कोपराच्या उंचीला येईल असं टेबल. ते नसेल तर गावातला वेल्डर लोखंडी पट्ट्यांचं स्टँड करून देतो. शिरूर तालुक्यातल्याच पाबळच्या विज्ञान आश्रमात मुलं अशीच हाताने करायची कामं शिकतात. बाकी काही लागत नाही.

"जितकं उन्हातान्हात, तितकं अंग मोकळं होईल"

एप्रिल-मे महिन्यांत दौंडचा पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी नवाच्या आत वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, थकवा दिसला तर त्याआधीही थांबावं. पक्षाघातानंतरचा थकवा आळस नसतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीनेच पाणी द्यावं, घाईने तांब्या तोंडाला लावू नये. संवेदना गेलेल्या हाताला खुरप्याची जखम कळत नाही आणि मधुमेह्याच्या पायाला काटा कळत नाही, म्हणून काम झाल्यावर हातपाय धुऊन उजेडात तपासावेत. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगावं. फवारणी चालू असलेल्या दिवशी माणसाला घरात ठेवावं.

आणि या दोन तालुक्यांत आणखी एक काळजी आहे, जी कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. उसात बिबट्या आहे. खाली बसलेला, वाकलेला, पटकन न उठू शकणारा माणूस तिन्हीसांजेला उसाच्या कडेला एकटा असता कामा नये. क्रेट घराच्या भिंतीलगत, अंगणात, माणसांच्या वावरात ठेवावा.

"मरणाचा विषय काढला तर त्यांच्या डोक्यात तेच बसेल"

असं होत नाही. "जगण्याचा कंटाळा आलाय का, जिवाचं काही करावंसं वाटतं का," असं मायेने आणि सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. आत असेल तर बाहेर यायला वाट मिळते. "मी तुम्हाला ओझं झालोय", "देवाने न्यावं आता" ही वाक्यं म्हातारपणाची म्हणून सोडून देऊ नयेत.

शेतीच्या घरात तर हे विचारावंच. गोठ्याच्या माळ्यावर कीटकनाशकं आणि तणनाशकं पडलेली असतात. घरात नैराश्याचा रुग्ण असेल तर ती कुलपात जावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे राहावी, जमलं तर साठाच घरापासून दूर हलवावा. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तेव्हा वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर दोन तृतीयांशाहून अधिक घटला. विष हाताशी नसलं की तो एक वाईट तास निघून जातो. बागकामाच्या सामानात असली एकही बाटली ठेवू नये, कीड पडली तर हाताने वेचावी.

बोलायला कोणी हवं असेल तर १४४१६ हा 'टेली-मानस' या मदतवाहिनीचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेल्यावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात हे विचारावं. गावातल्या आशाताईही ते विचारून सांगू शकतात.

"घरात सूनबाई आहेत, त्या बघतील"

बागकामाचा उपचार सगळ्यात जास्त इथे फसतो. आठवडाभर आबा मेथीला पाणी घालतात, मग दोन दिवस पडून राहतात आणि क्रेट सुनेच्या कामांत जमा होतो. तिच्याकडे आधीच धारा आहेत, मुलांची शाळा आहे, आबांचे कपडे आणि औषधं आहेत. त्यात तिला आता रोज "उठा, पाणी घाला" म्हणून मागे लागायचं काम नको. ठरावीक वेळ बांधून द्यावी, सकाळच्या चहानंतरची, आणि आठवण करून देण्याचं काम नातवाकडे द्यावं. आबा उठले नाहीत तर एखादा दिवस क्रेट कोरडा राहू द्यावा, रागावू नये. सलग आठवडाभर उठले नाहीत तर ती तक्रार मेथीची नाही, ती डॉक्टरांना सांगायची आहे. झोप, जेवण, रडणं आणि कामाला उठणं या चार गोष्टी वहीत रोज एका ओळीत लिहिल्या तर डॉक्टरांना पाच मिनिटांत पंधरा दिवस दिसतात.

सांभाळणाऱ्यांमध्येही नैराश्याचं प्रमाण मोठं असतं, हे सर्वत्र आढळलेलं आहे. त्यामुळे आबांना तपासायला नेलं की सुनेचीही झोप आणि भूक डॉक्टरांना विचारू द्यावी. आठवड्यातून एक अर्धा दिवस तिची नणंद, दीर किंवा नवरा यांपैकी कोणीतरी आबांजवळ थांबावं आणि तिने त्या वेळात घरचं कुठलंच काम करू नये. १४४१६ तिच्यासाठीही आहे.